न पाहिलेला चेंडू

मी पंच होतो. पंच म्हणजे मैदानातला तो माणूस, ज्याला सगळे आंधळा म्हणतात आणि ज्याच्याइतकं जवळून कुणीच बघत नसतं. आमच्या मैदानावर आजवर पडलेला सर्वांत भारी चेंडू माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून सुटला. आमच्या कारखान्यात कुणालाही विचारा, त्याने तो पाहिलेला असतो. त्या दिवशी जे कामावर होते, त्यांनीसुद्धा पाहिलाय म्हणे. पाहिला नाही तो मी एकट्याने.

तो चेंडू माझ्या धाकट्या भावाचा. लेगस्पिन टाकायचा, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत. गेल्या उन्हाळ्यात हा भोवरा इस्पितळातल्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर पडून होता. फुप्फुसं कामातून गेली होती. जवळच्यांना कळवून ठेवा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अकरा दिवस मी रोज दुपारी तिथे जात होतो, आणि त्याला सांगायची एक गोष्ट रोज तशीच पोटात घेऊन परत येत होतो.

बाराव्या दिवशी गेलो तर टीव्ही चालू होता. क्रिकेटमधले आजवरचे सर्वोत्तम चेंडू, असला काहीतरी कार्यक्रम. एकेक चेंडू चार-चारदा दाखवत होते, तोही इतका सावकाश की माझ्या सासूनेसुद्धा चौकार ठोकला असता. भोवरा मात्र डोळे मोठे करून बघत होता.

"सगळे बरे आहेत," कार्यक्रम संपत आल्यावर तो म्हणाला. "पण माझा राहिला."

"राहणारच!" त्याची बायको चादरीची घडी घालत म्हणाली. "टीव्हीवाले त्या दिवशी रस्ता चुकले ना." तो हसला, हसण्याचा खोकला झाला. तिने त्याची पाठ चोळली, पाणी पाजलं आणि औषधं आणायला खाली गेली. आम्ही दोघेच उरलो.

एकतीस वर्षांपूर्वीचा तो सामना कारखाना विरुद्ध बँक असा होता. निवड समितीचे दोघे जण खास भोवऱ्याला बघायला आले होते. तो आवडला तर थेट मोठ्या संघात, असं जवळजवळ ठरलेलंच होतं. ऐन वेळी नेमलेला पंच तापाने पडला. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा दोन्ही कप्तानांनी मलाच उभं केलं. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला माझ्या प्रामाणिकपणाचा फार माज होता.

जेवणाच्या सुट्टीत बँकेचा एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "पंच घरचाच आहे, आता काय, टाका हवे तसे!" ते मला झोंबलं. भोवऱ्याला एक खोड होती. जीव ओतून चेंडू टाकायचा झाला की त्याची उडी लांब पडायची आणि पाय रेषेबाहेर जायचा. टाचेचा थोडा तरी भाग रेषेच्या आत लागतो, नाहीतर नोबॉल; आणि नोबॉलवर दांडी उडाली तरी गडी बाद नसतो. सकाळी दोनदा मी त्याला नोबॉल दिला होता. पंच आधी पाय बघतो, मग मान वर करून चेंडू बघतो. त्या दुपारी माझी मान वर होईनाशी झाली. मी नुसता त्याच्या पायावर टपून बसलो होतो.

समोर बँकेचा कप्तान होता, पट्टीचा फलंदाज. भोवरा धावत आला, जोरात उडी मारली, आणि पाय हवेत असतानाच माझ्या तोंडून "नोबॉल" निघून गेलं. मग पाय टेकला. टाच रेषेच्या आत होती. चांगली बोटभर आत. मी ती पाहिली. आणि तेवढ्यात सगळं मैदान ओरडलं.

मान वर केली तेव्हा ऑफस्टंप आडवा पडलेला होता. कप्तान जमिनीकडे बघत उभा होता, कुणीतरी त्याच्या खिशातून पाकीट मारल्यासारखा. पंचाला लगेच आपला निर्णय फिरवता येतो, तेवढी मुभा असते. मला नियम तोंडपाठ होता. पण बँकेवाले काय म्हणतील, हे मला नियमापेक्षा मोठं वाटलं. मी हात आडवा धरून तसाच उभा राहिलो. कप्तानाने पुढे दीडशे धावा केल्या. भोवऱ्याचं त्यानंतर काही चाललंच नाही. चहापानाला निवड समितीवाले उठून गेले. दोन वर्षांनी लेथ मशीनमध्ये त्याचं बोट सापडलं आणि खेळ कायमचा सुटला.

हे सगळं मी त्याला बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणालो, "भोवऱ्या, तुझी टाच आत होती."

त्याने रिमोटने आवाज कमी केला. "माहितीये."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. चेंडू टाकून वळलो, तर बुटाच्या खिळ्यांची खूण समोरच होती. आपला कप्तान ती बघायला तरातरा येत होता. मी पाय फिरवला आणि पुसून टाकली."

"पुसलीस? अरे, का?"

"का काय? तुझी सगळ्यांसमोर शोभा झाली असती." तो थांबला, श्वास गोळा केला. "संध्याकाळी घरी आल्यावर तूच सांगशील असं वाटलं. जेवताना वाटलं, आता सांगेल. मग वाटलं, उद्या. मग मी वाट बघणं सोडून दिलं. म्हणजे सोडलं असं ठरवलं, पण दर रविवारी तू आलास की वाटायचंच."

मला स्वतःची शिसारी आली. माझी अब्रू त्याने बुटाखाली लपवली होती, आणि मी एकतीस वर्षं त्याच्याकडे चहा पिऊन येत होतो.

"संघाचं म्हणशील तर जाऊ दे," तो म्हणाला. "घेतलं असतं, नसतं घेतलं. चेंडू फिरवायला तूच शिकवलंस ना मला? चिंध्यांच्या चेंडूवर. सगळ्या गावाने वाहवा केली, दादा. तू एकदाही म्हणाला नाहीस, भोवऱ्या, चेंडू चांगला पडला. आता म्हण."

"चांगला पडला," मी म्हणालो. "फार चांगला पडला रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून मला ओळखणारा माणूस तो. "पाहिलास तू?"

खोटं बोलायला हीच एक जागा होती. एका शब्दाचं काम होतं. पण ज्या नजरेने तो विचारत होता, तिच्यासमोर माझी जीभ वळली नाही. "नाही," मी म्हणालो. "मी तुझा पायच बघत होतो."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता हा मला जायला सांगणार. पण त्याने चाचपत माझं मनगट धरलं.

"मग ऐक," तो म्हणाला. "डोळे मीट. मी सांगतो." मी डोळे मिटले. "वाऱ्याची झुळूक समोरून होती. म्हणून थोडा वरून सोडला. हातातून सुटतानाच कळलं, हा वेगळा आहे. हवेत आत वळायला लागला. कप्तानाने पाय पुढे टाकला. चेंडू लेगस्टंपच्या बाहेर, पार बाहेर... तिथे टप्पा पडला, आणि..."

आणि त्याला ढास लागली. मी डोळे उघडले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. मी दारात जाऊन ओरडलो. नर्स धावत आली, तोंडावर मास्क बसवला, मला बाहेर काढलं. पुढचे तीन दिवस मास्क निघालाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

कारखान्यातली मंडळी भेटायला येतात, आणि न चुकता त्या चेंडूचा विषय काढतात. कुणी म्हणतं वीतभर वळला, कुणी म्हणतं हातभर. मला सांगू लागले की मी त्यांना मध्येच थांबवतो. माझ्यासाठी तो चेंडू टप्प्यापर्यंत आला आहे. पुढचा ज्याच्याकडून ऐकायचा होता, त्याच्याशी मी फार उशिरा बोललो.