नवा टायर मागे

श्यामसुंदर साळवींनी उभी नोकरी नेरूळ ते रबाळे स्कूटरवर केली, आणि त्या स्कूटरने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. ती ते येईल त्याला ऐकवायचे. नवा टायर नेहमी मागे! भार मागे, झीज मागे, मग नवं रबर पुढे लावून काय त्याची पूजा करायची? माणूस एका कामात मुरला की त्याला वाटतं, सगळं जग आपल्याच स्कूटरसारखं चालतं.

आता तोच टायर त्यांच्या गळ्याशी आला होता. एकुलता एक निखिल माउंटन बाइकवरून पारसिकची टेकडी उतरताना वळणावर घसरला, डोकं दगडावर आपटलं आणि जागच्या जागी गेला. परवाच तेरावं झालं होतं. आणि आज उज्वलाबाई नवऱ्याला सायकल ढकलायला लावून सारसोळ्यातल्या आमिरच्या दुकानाकडे निघाल्या होत्या. टायर त्याच्याकडूनच घेतला होता.

"अहो, चला ना भरभर. भिकारडा माल विकून माझा पोरगा खाल्ला त्याने. आज त्याच्या दुकानाला टाळं नाही लावलं तर नावाची उज्वला नाही. तिथूनच पोलिसांना फोन करते."

श्यामसुंदर सायकल ढकलत राहिले. खरं काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

निखिलचे जुने टायर झिजून पार गुळगुळीत झाले होते आणि टेकडीवरच्या सुट्या मुरमात ते धरत नव्हते. त्याने आमिरशी बोलून रुंद, वर जाड रबरी बटणं असलेले टायर पसंत केले होते. वाढदिवसाला आपण ते आणायचे, असं बापाच्या मनात आलं. दुकानात गेले तर त्या मापाचा एकच टायर शिल्लक होता.

"काका, दुसरा येईपर्यंत हा पुढे लावा हां," आमिरने बजावलं होतं. "उतारावर वळण, ब्रेक, सगळं पुढच्या चाकावर येतं. मागचं सरकलं तर सावरता येतं. पुढचं सरकलं की खेळ खलास. थांबा, मीच बसवून देतो."

"अरे जा! तुझ्या जन्माच्या आधीपासून टायर बसवतोय मी," म्हणत श्यामसुंदर ऐटीत घरी आले, आणि लावला मागे. झालं!

दुकानात आमिर एकटाच होता. तो मयतालाही आला होता, पण सोसायटीच्या लोकांनी त्याला गेटवरूनच हाकललं होतं. बाईंनी सगळीकडे त्याचंच नाव घेतलं होतं ना! आताही त्यांनी रस्त्यावर माणसं जमतील एवढा आवाज चढवला. आमिर मान खाली घालून ऐकत राहिला. मग तो सायकलीपाशी उकिडवा बसला, मागचा नवा टायर बघितला, पुढच्या गुळगुळीत टायरवरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, तुमीच सांगा काकींना. मी काय बोललो होतो?"

"मला... नाही आठवत," श्यामसुंदर म्हणाले.

आमिर त्यांच्याकडे बघतच राहिला. उज्वलाबाईंनी पर्समधून फोन काढला. श्यामसुंदरना स्वतःची किळस आली. पोरगा तर गेलाच, आता या गरिबाच्या पोटावरही आपण पाय देणार?

"ठेव तो फोन," ते ओरडले. "त्याने पुढे लावा म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माझी अक्कल पाजळली आणि मागे लावला. उज्वला, मी मारलं ग आपल्या पोराला!"

आता बायको अंगावर येईल, तोंडात मारेल, या विचाराने त्यांनी डोळे मिटून घेतले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा उज्वलाबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"आदल्या दिवशीच, शनिवारी बघितलं होतं त्याने. हसत आत आला. म्हणाला, आई, बाबांनी टायर मागे लावलाय, पुढे हवा होता, बदलून टाकतो." त्यांचा आवाज चिरकला. "मीच म्हटलं, राहू दे रे. एवढ्या हौसेने लावलाय त्यांनी, बदललास तर तोंड पाडून बसतील. उद्याचा एक दिवस तसाच जा."

आमिरने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"कुणाच्या तरी माथी मारायचं होतं हो मला. नाहीतर जगू कशी?" पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या रडू लागल्या. "लगेच ऐकलं हो त्याने माझं. बरं म्हणाला."