तरंग्या पडत का नाही?

मित्रांनो, मी जुना आहे. इतका जुना, की माझ्याकडे रंग एकच आहे, तो म्हणजे हिरवा. गवत हिरवं, आकाश काळं आणि आकाशातला चंद्रही हिरवाच. आवाज म्हणाल तर एक 'टूक्'. आनंद झाला तरी टूक्, चूक झाली तरी टूक्. मी या घरातला पहिला कॉम्प्युटर.

मी आलो तो खेळासाठी नव्हे, भीतीपोटी. आमचे बाबा एका कचेरीत टायपिस्ट होते. त्यांचं टायपिंग म्हणजे नुसता पाऊस. नजर समोरच्या कागदावर, बोटं कळांवर, आणि पानभर मजकुरात एक खाडाखोड सापडायची नाही. साहेब नवीन माणसांना बाबांची पानं दाखवायचे. पण एके दिवशी कचेरीत टायपरायटर हलवून कॉम्प्युटर मांडले गेले, आणि वीस वर्षं बिनचूक चाललेली बोटं घाबरली. मग बाबांनी घरी सराव करायला मला आणलं. त्यांच्या चौकोनी टेबलावर मला ठेवलं. आईंनी लगेच मला निळ्या कापडाचं झाकण शिवलं. त्या वेळी मला एवढे लाड पुरेसे वाटले.

माझ्याबरोबर एक मासिक आलं होतं. त्यात शेवटच्या नऊ पानांवर एक खेळ छापलेला होता. हो, छापलेला! तेव्हा खेळ असेही मिळायचे, मित्रांनो. ओळीच्या ओळी कागदावर, आणि त्या आपण स्वतः कळा दाबून यंत्राला सांगायच्या. एक छोटा माणूस चालतो, खड्डा आला की उडी मारतो, चुकला तर खड्ड्यात पडतो. एवढाच खेळ. बाबा म्हणाले, "सरावच करायचा, तर हाच करू."

सहा वर्षांची त्यांची मुलगी शेजारी स्टुलावर बसायची. ती एका जागी कधी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण खेळ टाइप व्हायला लागलेल्या त्या आठ दिवसांत ती हलली नाही.

पहिल्या दिवशी मी सारखा टूक् टूक् करत होतो. बाबांच्या जुन्या टायपरायटरवर एकच्या आकड्याला कळच नव्हती. सगळे टायपिस्ट एकच्या जागी इंग्रजीतला छोटा एल दाबायचे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कोणाचं काही अडत नसे. माझं मात्र अडायचं. बाबा लवकरच शिकले आणि आकड्याची कळ दाबू लागले. पण वीस वर्षांची सवय. एका ओळीत, एकाच ठिकाणी, बोट आपल्या जुन्या जागी गेलं. बाबांची नजर मासिकावर होती. पडद्याकडे बघून टाइप करणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

आणि ती ओळ कुठली? 'जमिनीची ओढ एक' असं सांगणारी. मी तिथे एल वाचला. माझ्या लेखी एल म्हणजे एक रिकामी डबी. रिकाम्या डबीत काय असतं? शून्य. म्हणून मी जमिनीची ओढ शून्य धरली.

आठव्या दिवशी खेळ सुरू झाला. हिरवा माणूस चालला, खड्डा आला, भिंगरीनं कळ दाबली. त्यानं उडी मारली आणि तो खाली आलाच नाही. वर वर गेला, पडद्याच्या छतातून बाहेर पडला, आणि क्षणभरानं जमिनीखालून डोकं काढून पुन्हा वर निघाला.

"बाबा! हा तरंगतोय!"

तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. मित्रांनो, त्यानंतर मी फार मोठमोठे चमत्कार पाहिले, पण असं तोंड पुन्हा पाहिलं नाही. नऊ पानांवरची मुकी अक्षरं, आणि त्यातून एक जण उठून आकाशात गेला! मलाच माझं नवल वाटलं. त्याचं नाव तिनं तरंग्या ठेवलं.

आईंनी मासिकातलं चित्र पाहिलं. "अहो, यात तर तो खड्ड्यात पडलेला दाखवलाय."

"मासिकात चूक असणार," बाबा म्हणाले. "माझ्या टायपात चूक नसते."

हे वाक्य पुढे घरात कायमचं राहिलं. भाजीत मीठ जास्त झालं की आई म्हणायच्या, "मासिकात चूक असणार!"

बाबांची नोकरी टिकली, बोटं सावरली. मग माझ्याहून वेगवान यंत्रं आली आणि मी झाकणासकट कपाटावर गेलो. रुसलो नाही असं कसं म्हणू? पण तिथून टेबल छान दिसायचं. पहिल्या नव्या यंत्रात सोळा रंग होते. दुसऱ्यात घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या. तिसऱ्याला तार जोडली, तर भिंगरी दूरच्या गावातल्या मामेभावाशी एकाच किल्ल्यात पळू लागली. "अरे, मागे बघ ना, माठ्या!" ती ओरडायची, आणि तिकडे, आठ तासांच्या अंतरावर, तो मागे बघायचा!

भिंगरी मोठी झाली आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागली. दोन वर्षं तिनं फक्त एका नदीचं पाणी केलं. उन्हातलं पाणी, ढगाखालचं पाणी, पाय घातल्यावर फुटणारं पाणी. तिचा आताचा कॉम्प्युटर काचेच्या पोटाचा आहे, त्यात दिवे फिरतात. एकदा तिनं तीच नदी पडद्यावर लावली, आणि आईंनी नकळत साडीची किनार वर उचलली.

तिची सात वर्षांची मुलगी डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवते आणि रिकाम्या खोलीत हात पुढे करून कुठल्याशा पक्ष्याला दाणे घालते. भिंगरी म्हणते, पुढे घरात यंत्र ठेवायचीसुद्धा गरज उरणार नाही. खेळ दूर कुठेतरी चालेल आणि नुसतं चित्र घरी येईल. कदाचित नुसतं मनात आणलं तरी माणूस उडी मारेल. मी वरून ऐकत राहायचो. आकाश किती मोठं झालं!

मग गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं जड झालं, आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. हात हलवून घ्यायला रोज एक बाई यायच्या. त्या रबरी चेंडू तळव्यात ठेवत. "आजोबा, दाबा बरं!" बाबा खिडकीकडे बघत बसत. हात अगदीच गेलेला नाही, पण त्यांनी मनावर घेतलं नाही तर तो जाईल, असं बाईंनी भिंगरीला दाराशी हळूच सांगितलं. भिंगरीनं त्यांच्यासमोर तिची नदी लावली, डोंगर लावले. बाबांनी एकदाच विचारलं, "कळा... कुठेत?" कळा नव्हत्याच. नुसतं बोट फिरवायचं होतं. त्यांनी मान फिरवली.

बाबांच्या पलंगासाठी जागा हवी म्हणून कपाट काढायचं ठरलं. शनिवारी भंगारवाला येणार होता. शुक्रवारी दुपारी नातीनं माझं झाकण ओढलं.

"आई, हा कोण?"

भिंगरी थांबली. "ह्याच्यात तरंग्या राहतो," ती म्हणाली. मग मला खाली घेऊन तिनं पेचकस आणला. माझ्या आतली छोटी बॅटरी फुटून पाझरली होती. तिनं जुन्या दातांच्या ब्रशानं एकेक टोक पुसलं, बाळाचे कान पुसावेत तसं. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मित्रांनो, मी सगळा जीव गोळा केला.

टूक्.

भिंगरीनं खेळ लावला आणि हिरवा माणूस उभा राहिला. "एवढासाच?" नात म्हणाली. मग तिनं कळ दाबली, तरंग्या छतातून गेला आणि जमिनीतून उगवला, आणि ती किंचाळली. "हा पडत का नाही?"

"मासिकात चूक आहे," आई म्हणाल्या. "विचार तुझ्या आजोबांना!"

खुर्चीतून जड आवाज आला, "मासिकातच." चार दिवसांतला त्यांचा पहिला शब्द.

भिंगरीनं हसत हसत आतल्या ओळी पडद्यावर उघडल्या आणि एका ओळीशी तिचं हसू थांबलं. तिनं पटकन पान पुढे सरकवायला हात नेला. पण नातीला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, आणि असं वाचता येऊ लागलेल्या मुलांपासून काही लपत नाही.

"आई, सगळीकडे आकडे आहेत. इथेच एल का?"

खोलीत फक्त माझा पंखा घरघरत होता.

"खुर्ची पुढे घ्या," बाबा म्हणाले.

त्यांनी ती ओळ बराच वेळ पाहिली. मग डाव्या हातानं एल पुसला, डाव्या करंगळीनं एकचा आकडा दाबला आणि खेळ लावला. तरंग्या चालला, उडला, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा खड्ड्यात पडला. टूक्. बस्स.

"मेला?" नातीचा ओठ थरथरला.

"चूक माझीच," बाबा म्हणाले. आई खुर्चीजवळ आल्या. त्यांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांनी पुन्हा ती ओळ उघडली आणि एक पुसला. मग थांबले.

"एल दाबा ना आजोबा. डाव्या हातानं."

"एल..." बाबा म्हणाले, "उजव्या अनामिकेचा."

प्रत्येक कळेला तिचं तिचं बोट असतं. दुसऱ्या बोटानं कळ दाबणाऱ्या टायपिस्टला बाबा आयुष्यभर हसत आले होते. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्या कळांवर ठेवला आणि डावा बाजूला घेतला. भिंगरी मदतीला वाकली, तर आईंनी तिचा दंड धरला. अनामिका कळेवर निपचित होती. बाबांच्या कपाळावर घाम आला. मी वाट पाहिली. मला वाट पाहण्याची पस्तीस वर्षांची सवय आहे, पण एवढी लांब वाट मी पाहिली नव्हती.

मग कळ खाली गेली. अगदी जरा. मला तेवढं पुरलं.

एल.

"उडू दे त्याला," बाबा म्हणाले. तरंग्या छतातून बाहेर गेला.

शनिवारी भंगारवाल्यानं कपाट नेलं. मी आता काचेच्या पोटाच्या त्या यंत्राशेजारी टेबलावर आहे. बाबा रोज सकाळी शंभर वेळा एल दाबतात. मधलं बोटही आता हळूहळू मनावर घेऊ लागलं आहे, बाकीची अजून रुसलेली आहेत. बाई म्हणतात, जमेल. भिंगरीनं तरंग्याची एक प्रत शेजारच्या यंत्रातही ठेवली आहे. तिथे त्याला पाय बुडवायला नदी आहे.

मित्रांनो, तुम्ही ज्या जगात खेळाल ते मला स्वप्नातही दिसणार नाही. खुशाल उडा. पण घरातलं एखादं जुनं यंत्र बाहेर काढण्याआधी त्याची धूळ पुसा आणि ते एकदा सुरू करून बघा. एकदा नाही झालं, तर दुसऱ्यांदा बटण दाबा. कोण जाणे, कोणीतरी आत अजून तरंगत असेल.