तलावाचा पाडवा

दिवाळीच्या पाडव्याला शालिकराम जाळ्याला हात लावत नसत. सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावात, तलावाकाठी मातामाय देवीच्या घाटावर तसंही कुणी जाळं टाकत नाही. तिथे ते नव्या धानाचा भात टोपलीत घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरत आणि मासोळ्यांना जेवू घालत. "सालभर ह्या आपल्याले पोसते," म्हणत, "आज आपली पाळी."

लहानपणी त्यांची लेकरं, रंजीता आणि निकेश, पायऱ्यांवर बसून टाळ्या पिटायचे. मग निकेश मोठा झाला. "बाबा, मासोळीले फराळ आन् आमी उपाशी!" म्हणून तो उठून जाऊ लागला. रंजीता शिकायला चंद्रपूरला गेली, तिथेच नोकरीला लागली. दरवर्षी बाबांचा फोन यायचा, "पाडव्याले येतं का, बाई?" ती "पाहते" म्हणायची. अकरा वर्षं नुसतं पाहण्यात गेली. या चैत्रात बाबाच गेले.

म्हणून यंदा ती आली. बाबांबरोबर तलावाचा पाडवाही संपला, असं होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

सकाळचं कोवळं ऊन काठावरच्या झाडांवरून पाण्यात उतरलं होतं. रंजीता साडी खोचून पाण्यात शिरली, तलावाकडे तोंड करून तिनं मूठभर भात टाकला. शितं पांढरी होऊन हळूहळू तळाशी गेली. पाणी हललं नाही. तिनं आणखी टाकला.

"तायडे," निकेश पायरीवरून म्हणाला, "मासोळ्याइकडं तुहा नंबर सेव्ह नाई."

"चूप बस. बाबा काही करायचे ना आधी?"

"पाण्यावर थापट्या मारत."

"किती?"

"तीन." तो अडखळला. "का पाच?"

इतकी वर्षं समोर बसून दोघांपैकी एकानंही नीट पाहिलं नव्हतं. रंजीतानं तीन थापट्या मारल्या, मग पाच मारल्या. एक बेडूक तेवढा उडी मारून पळाला. टोपली अर्धी झाली होती.

त्यांची आई, गिरजाबाई, तोवर काठावर उभ्या होत्या. आता म्हणाल्या, "उनाकडं तोंड कर, बाई. तुही सावली भातावर पडून राह्यली. मासोळी सावलीले भेते."

रंजीता वळली. तलाव पाठीशी गेला. समोर घाट, पायऱ्या, आई, निकेश. बाबा इथून आपल्याकडेच बघत असायचे, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. तिनं भात आपल्या आणि पायऱ्यांच्या मधल्या पाण्यात टाकला.

आधी निकेश उठून उभा राहिला. त्याचा चेहरा बघून तिला कळलं, मागून काहीतरी येतंय. मग पोटरीला थंड, गुळगुळीत स्पर्श झाला. एक, दोन, मग मोजणं सुटलं. डावीकडून, उजवीकडून, तिच्या दोन पायांमधून रोहू निघाले, मागून काळ्या पाठीचे कतला, हातभर लांब. पाणी तापल्यागत खदखदू लागलं, पण आवाज नव्हता. नुसती तोंडं उघडत होती, मिटत होती. खवल्यांवर ऊन तुटून पडत होतं.

"माय वो," निकेश पुटपुटला.

रंजीतानं आईकडे पाहिलं. "आई, सालातून एकदा भात टाकल्यावर एवढ्या येतात?"

"एकडाव टाकून काऊन येतीन? तुमचे बाबा रोज सकाळी येत होते. पाडव्याले लेकरं आले त घाट भरलेला दिसला पायजे, म्हनत."

"अकरा वर्षं?"

"आन् त्याच्या आधीबी."

"आणि चैत्रापासून?"

"आता मी येतो," गिरजाबाई म्हणाल्या, जसं कुणी अंगण झाडल्याचं सांगावं.

रंजीतानं टोपली पालथी केली. शेवटचं शीत गेलं तरी मासोळ्या हलल्या नाहीत. तिच्या पायांभोवती त्या दाटून उभ्या होत्या. एखादी पायाखाली येईल म्हणून तिला पाऊल उचलवेना.

"निघ आता, बाई," आई म्हणाली. "पाय गारठतीन."

"थांब ना जरा," रंजीता हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांचं होऊ दे."