तातेरावाची बाज

मी एक जुनी बाज आहे. बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या सुंभाने विणलेली. भोकरदनच्या लोकवर्गणीच्या दवाखान्यात, स्टोअरच्या दाराशी, सलाईनच्या खोक्यांखाली तुम्ही मला पाहिलं असेल. तेव्हा आईने तुमचा हात ओढून "शिवू नको तिला" असं बजावलंही असेल. मित्रांनो, आज मी माझी हकीकत सांगणार आहे, पण रडगाणं गाणार नाही. मला कुणाची कीव नको.

जाफराबाद रस्त्यावरच्या एका खेड्यात सुताराने मला घडवलं. तातेराव नावाच्या शेतकऱ्याचं घर माझं घर झालं. उन्हाळ्यात माझ्यावर शेवया वाळल्या, दुपारी लेकरं लोळली. तातेराव आडवा झाला की मी कुरकुरायची आणि तो म्हणायचा, "गप की गं." असे आमचे संबंध चांगले होते.

एके दिवशी खळ्यावर तातेरावाला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात. घरच्यांनी त्याला आधी मांत्रिकापुढे बसवलं. तिथे सकाळची दुपार झाली. मग चौघांनी मला खांद्यावर घेतलं आणि तातेरावासकट भोकरदनला आणलं.

तेव्हा हा दवाखाना म्हणजे कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या दोन खोल्या. एक टेबल, एक स्टोव्ह आणि डॉक्टर राधेश्याम, एवढंच सामान. खाट एकही नव्हती. पेशंटने आपल्या बाजेवर यायचं, बाजेवरच उपचार घ्यायचे आणि त्याच बाजेवर घरी जायचं, अशी रीत होती. डॉक्टरांनी धावत इंजेक्शन दिलं, पण वेळ निघून गेली होती. तातेराव माझ्यावरच गेला.

माणूस जायला लागला की त्याला खाली जमिनीवर घेतात. बाजेवर जीव जाणं आमच्याकडे वाईट समजतात. तातेरावाला घरच्यांनी नेलं आणि मला तिथेच सोडलं. "ही आता घरात न्हाई चालायची," त्याचा भाऊ म्हणाला. मांत्रिकाने वाया घालवलेल्या वेळेचा दोष कुणी मांत्रिकाला दिला नाही. दिला तो मला आणि तातेरावाच्या बायकोला. लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणाले. ती दोन पायांची, मी चार पायांची, शिव्या मात्र दोघींना सारख्याच! त्या बाईची आठवण आली की मला आजही संताप येतो.

डॉक्टर राधेश्याम मात्र माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी वॉर्डबॉय अप्पारावांना हाक मारली, "अप्पाराव, आपल्याला खाट मिळाली! जल्दी धुऊन आत घ्या."

अशी मी या दवाखान्याची पहिली खाट झाले. पुढच्या तीन वर्षांत अशाच टाकलेल्या आणखी पाच बाजा आल्या. म्हणजे दवाखान्याचा पहिला वॉर्ड आम्हा अपशकुनी सहाजणींचा होता. आज दाराशी संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं कोरलेली आहेत. त्यात आमचं नाव नाही. नसेना का!

पण आमच्यावर झोपायला कुणी तयार होईना. तापाने फणफणलेली माणसंही नुसत्या भिंतीला टेकून बसत. अप्पारावांच्या घराने छप्पन साली धम्म घेतला होता. शकुन-अपशकुन त्यांनी केव्हाच उंबऱ्याबाहेर ठेवले होते. रोज दुपारी, दवाखान्यात गर्दी असताना, ते सर्वांसमोर माझ्यावर आडवे होत आणि चक्क घोरत. उठल्यावर विचारत, "बघा दादा, मेलो का मी? अहो, बाजंनं माणूस मरत न्हाई. उशिरानं मरतो."

हळूहळू लोक झोपू लागले आणि बरे होऊन उठू लागले. तातेरावानंतर माझ्यावर कुणी दगावलं नाही. यात माझा मोठेपणा नाही. फार अवघड पेशंटला डॉक्टर टेबलावर घेत, मी खरं तेच सांगते. पुढे वर्गणी जमली, इमारत झाली, लोखंडी पलंग आले. माझ्या पाच बहिणी पाणी तापवायच्या चुलीत गेल्या. मला अप्पारावांनी स्टोअरच्या दाराशी नेलं आणि ते तिथे बसू लागले, म्हणून मी वाचले. गावात नाव मात्र तेच राहिलं, तातेरावाची बाज. लोकांचा सुंभ जळतो पण पीळ जात नाही.

गेल्या भादव्यात डेंग्यूची साथ आली. सगळे पलंग भरले. आठ वर्षांची शालू दाराजवळ फरशीवर सतरंजीवर होती आणि तिची आजी उषाबाई उशाशी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाय लागून शालूची सलाईनची सुई दोनदा निघाली. सिस्टर सुमेधा, म्हणजे अप्पारावांची नात, तिने मोठ्या मुश्किलीने तिसरी शीर शोधली. "आजी, हीसुद्धा गेली तर मला शीर सापडायची नाही," ती म्हणाली आणि तडक येऊन माझ्यावरची खोकी उतरवू लागली.

मला ओढत आणताच उषाबाई आडव्या आल्या. "ही तातेरावाची बाज हाय न? न्हाई बाई! माझं लेकरू फरशीवर राहू द्या. हिच्यावर माणूस मेल्ता."

"एक मेला होता, आजी. पन्नास वर्षांपूर्वी," सुमेधा म्हणाली. "आणि या लोखंडी पलंगांवर किती गेले, सांगू का? बारा नंबरवर तर परवाच एक बाबा गेले. चादर बदलली, झालं."

बारा नंबरवर सोमेश्वर गुरुजी मोसंबी सोलत होते. ते फोड हातात धरून ताडकन उठून बसले. आपल्या खालच्या पलंगाकडे त्यांनी असं पाहिलं की मला हसू आवरेना.

उषाबाई तरीही हटेनात. तेवढ्यात शालू बारीक आवाजात बोलली, "आजे, मला वर घे. इथं लोक तुडवून राह्यले." उषाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या हातांनी नातीला उचलून माझ्यावर ठेवलं. मी मुद्दाम कुरकुरले नाही.

सुई टिकली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि शालूने वरण-भात मागितला. त्याच दिवशी सोमेश्वर गुरुजी हळूच आले. "सिस्टर, मला या बाजेवर जागा द्या. हिच्यावर एकच गेलाय."

सुमेधा काही बोलण्याआधीच उषाबाईंनी माझं लाकूड घट्ट धरलं. "न्हाई मिळायची, गुरुजी. ही आमची बाज हाय!"

पन्नास वर्षांत मला कुणी "आमची" म्हटलं नव्हतं. मला भरून आलं, हे कबूल करते. साथ ओसरल्यावर मात्र मी पुन्हा स्टोअरच्या दाराशी, खोक्यांखाली आले.

मित्रांनो, कुणाला अपशकुनी म्हणायच्या आधी त्याच्या आधाराने किती जण उठून उभे राहिले ते विचारा. आणि माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर मला हार घालू नका, पाटी लावू नका. माझा सुंभ सैल झाला आहे. तो आवळा आणि मला पुन्हा वॉर्डात ठेवा.