काकुळतीचं इंग्रजी

बद्रीनाथ सरांनी उभी हयात गंगापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. पण इंग्रजीत कुणापुढं खरोखर काही मागायची वेळ त्यांच्यावर आली ती निवृत्तीनंतर, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये, आणि तीही जावयापुढं. जावई आयर्लंडचा, ओवेन नावाचा. माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड होऊन बसलं होतं. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

सरांची एकुलती एक मुलगी मेघा तिकडं नोकरीला गेली, ओवेनशी लग्न केलं, संसार मांडला आणि दोन वर्षांपूर्वी आजारानं गेली. मागं राहिली तिची लेक श्रेया, आता पाच वर्षांची. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागायचा. तिकडं तेव्हा सकाळ असायची. पोरगी दूध पीत पीत आजीला, म्हणजे सरांच्या बायकोला, बाहुल्या दाखवायची. तिला मराठी येत नव्हतं, सत्यभामाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण दोघींचं कधी काही अडलं नाही. फक्त पोरीनं मेघासारखी मान वेळावली की बाईंच्या डोळ्यांना धार लागायची. मग श्रेया बापाकडं वळून विचारायची, आजी का रडते? तिच्या तोंडून ऐकून ऐकून ‘क्राय’ हा एक शब्द बाईंना पाठ झाला होता.

परवा ओवेनचा मेल आला. इतका अदबशीर, की तो नकार आहे हे सरांना दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. कॉल झाला की श्रेया जेवत नाही, झोपेत दचकते, आई गेली तशी आजीपण जाणार का म्हणून विचारते. मुलांच्या मनाच्या तज्ज्ञ असलेल्या एका बाईंनी सल्ला दिलाय की काही काळ कॉल थांबवावेत. किती काळ, ते लिहिलं नव्हतं. या रविवारी बोलून घेऊ, एवढं मात्र लिहिलं होतं.

सरांनी मेलचा मतलब समजावून सांगितला तेव्हा सत्यभामाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, “त्याला नीट मागा. नायतर तुमचं इंग्रजी हाय कशाला?”

आता आली का पंचाईत! काकुळतीला यायचं, पण रडायचं नाही. रडण्यापायीच तर पोरगी तुटायची वेळ आली होती. हुंदका आला की ओवेनचं म्हणणं खरं ठरणार. सरांनी बायकोकडून वचन घेतलं, डोळ्यांतून टिपूसही काढायचा नाही. स्वतःलाही तेच बजावलं. आणि मग बसले विनवणीला इंग्रजी शब्द शोधत.

रिक्वेस्ट तर माणूस बँकेतही करतो. ‘आय बेग टू स्टेट’मधला बेग त्यांनी सुट्टीच्या अर्जांत इतक्या पोरांकडून घोटून घेतला होता की त्यात जीवच उरला नव्हता. प्लीड म्हटलं की कोर्ट आठवायचं, आणि कोर्टाची भाषा काढली तर जावई बिथरायचा. बिसीच जुन्या धड्यांतल्या राण्यांच्या तोंडी शोभायचा. उरला इम्प्लोअर. हा शब्द आला की सर वर्गात खडू खाली ठेवून सांगायचे, सगळं समोरच्याच्या हातात असतं आणि आपल्या हातात काहीच उरत नाही, तेव्हाच हा वापरायचा. शेजाऱ्याकडं पेन मागायला नाही. पोरं खिदळायची. शब्दाचं मूळ लॅटिन, आणि त्या मुळात रडणंच आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांना पटलं. रडायचं ते शब्दच रडेल, आपले डोळे कोरडे राहिले तरी चालेल. अहो, शब्द कुठं रडतो का? पण अडलेल्या माणसाला काय वाट्टेल ते पटतं. ‘वी इम्प्लोअर यू’ असं सुरू होणारं एक वाक्य त्यांनी जुळवलं आणि दाढी करताना, भाजी निवडताना घोकलं.

रविवारी मोबाइल तांब्याला टेकवून दोघं टेबलाशी बसले. श्रेयानं पडलेला दात दाखवला. बाई हसल्या, शप्पथ हसल्या. थोड्या वेळानं ओवेननं पोरीला बाजूला बसवलं आणि घसा साफ केला. सरांनी ओळखलं, हीच वेळ. त्यांनी वाक्य म्हटलं. कुठं अडखळणं नाही, उच्चार स्वच्छ, आवाज वर्गात धडा वाचावा तसा सपाट. रडू आवरायला ते एवढे जपले होते की वाक्यातला जीवही त्यात आवरला गेला. ओवेननं मान डोलावली. तुमच्या भावना समजतात, तुम्ही इतक्या शांतपणे घेताय याबद्दल आभारी आहे, असं तो मनापासून म्हणाला.  

“मागितलं का?” बाईंनी विचारलं.

“मागितलं.”

“असं मागतात व्हय?”

बाई उठल्या, टेबलाला खेटून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरून मोबाइलपुढं धरला. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. साता समुद्रांपलीकडच्या माणसापुढं त्या बाईनं पदर पसरला होता, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात सरांना दिसत होतं फक्त हिरवं लुगडं. पलीकडं ओवेन म्हणत होता, तुम्ही दिसत नाही आहात, कॅमेऱ्यावर काहीतरी आलंय. सरांनी बायकोचा दंड धरला, पण तिला मागं ओढायचा धीर त्यांना झाला नाही.

तेवढ्यात श्रेयाचा बारीक आवाज आला, “इज आजी क्रायिंग?”

ओवेन दबक्या आवाजात पोरीशी काहीतरी बोलला. मग घाईघाईनं म्हणाला, इथंच थांबू या, काळजी घ्या. कॉल तुटला.

सत्यभामाबाईंचे हात अजून तसेच पसरलेले होते.

“काय म्हनली ती? क्राय म्हनली ना?” त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. “अहो, तिला सांगा. मी नाय रडले.”