बाबांना काय विचारायचं

आज बांगडा आणायचा की पापलेट, हे आमच्या घरी बाबा ठरवतात. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

रोज सकाळी आई बाजाराची पिशवी काखोटीला मारते, बाबांच्या फोटोपुढं उभी राहते आणि दहा सेनची दोन जुनी नाणी मुठीत खुळखुळवून विचारते, "लिओंग, आज बांगडा?" मग मूठ सोडते. नाणी बशीत पडतात. तिला आता बारीक दिसत नाही, म्हणून मीच दोन्ही नाण्यांच्या एका बाजूला माझं लाल नेलपॉलिश लावून दिलंय. एक लाल आणि एक पांढरं पडलं की होय. दोन्ही पांढरी म्हणजे नाही. आणि दोन्ही लाल पडली तर बाबा हसतायत, म्हणजे तुमचा प्रश्नच धड नाही, पुन्हा विचारा.

आमच्या पिनांग बेटावरच्या चिनी घरांत पितरांना असं विचारतातच, पण ते वर्षातून दोन-चार वेळा, नैवेद्य दाखवल्यावर "जेवण झालं का" एवढंच. आईसारखं उठता-बसता कौल लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. छत्री नेऊ का? शेजारच्या लग्नाला निळा ब्लाउज घालू का? नळवाल्याला आज बोलावू? बाबा जिवंत होते तेव्हा सगळ्याला एकच उत्तर द्यायचे, "तुला बरं वाटेल ते कर." आई कातावायची. "भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान कॅलेंडर तरी टांगता आलं असतं," म्हणायची. बुटांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायाशी बसणारा माणूस घरी येऊन कोणावर हुकूम सोडणार? जेवताना तर तोंडातून चकार शब्द नाही. वाडगा रिकामा झाला, तोंड पुसलं, की मग मात्र कशालाही खळखळून हसायचे. मेल्यावर बाबांना मतं फुटली, असं मी एकदा म्हणाले, तर आईनं माझ्याशी अबोला धरला.

पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती, कारण कौल एकदा पडला की पडला. घराला रंग द्यायचा का, याला बाबांनी मागं कधीतरी 'नाही' म्हटलं, ते भिंतींचे पोपडे अजून तसेच आहेत. मी हौसेनं रंगाचे डबे आणले होते, ते तिनं दुकानात परत करायला लावले. "त्यानं नाही म्हटलंय ना?" विषय संपला.

आणि मला तिला कदिरवनबद्दल सांगायचं होतं.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. खाडीपलीकडं बटरवर्थला दातांच्या एका डॉक्टरांकडं फोन घेते, भेटीच्या वेळा देते. जाणं-येणं फेरीबोटीनं. कदिरवन त्यातल्याच एका बोटीच्या इंजिनवर असतो. बोट सुटली की घाम पुसत वर यायचा आणि डेकच्या टोकाला उभा राहायचा. माझी बसायची जागाही तीच. तमिळ माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पण आमची होक्किएन बोली माझ्यापेक्षा खणखणीत बोलतो. एक दिवस म्हणाला, "बाई, रोज त्याच बाकावर बसता, विकत घेतलाय काय?" मी म्हटलं, "हो, आणि तुम्ही रोज त्याच्यासमोरचा वारा अडवता, भाडं काढा." अशी सुरुवात झाली. त्याला दोन वर्षं होत आली. मग त्यानं सरळच विचारलं, लग्न करू या का. मी म्हटलं, आईला सांगते.

सांगते, सांगते म्हणत महिने गेले. भीती आईची नव्हती, त्या बशीची होती. आई फोटोपुढं उभी राहणार, "लिओंग, सुआननं त्या इंजिनवाल्याशी लग्न करावं का?" म्हणणार, आणि दोन्ही नाणी पांढरी पडली की भिंतीसारखीच मीही जन्मभर तशीच राहणार. तिला टाकून जाणं माझ्यानं होणार नव्हतं, आणि तिच्या मनाविरुद्ध त्याला उंबऱ्याच्या आत आणणंही नाही. मग मी आपली एक युक्ती काढली. संध्याकाळी धक्क्याला कुठली बोट लागेल याचा नेम नसतो. मी मनाशी ठरवायची, आज कदिरवनची बोट लागली तर घरी जाऊन सांगायचं. कधी लागायची, कधी नाही. लागली की मी म्हणायची, उद्याही लागली तर नक्की.

यंदा बाबांच्या श्राद्धाला खाडीपलीकडून आत्या आली. बाबांची ही थोरली बहीण. सत्तरी उलटलेली, मधुमेह आणि मानपान दोन्ही जपणारी. आईनं पहाटेपासून खपून टेबल मांडलं होतं. उकडलेली अख्खी कोंबडी, डुकराचं भाजलेलं मांस, चिंचेच्या रश्श्यातला बांगडा, भात, चहाचे छोटे पेले. उदबत्त्या अर्ध्या जळाल्या की बाबांना विचारायचं, जेवण झालं का. ते होय म्हणेपर्यंत जिवंत माणसांनी तोंडात घास घालायचा नाही. आणि नाणी टाकायची ती घरच्यांनीच, हा आमच्याकडचा आजोबांपासूनचा दंडक. आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, म्हणून तिलाही ती मुभा नाही. याचा तिला अजून राग आहे.

"लिओंग, पोट भरलं का?" आईनं मूठ सोडली.

दोन्ही पांढरी.

"भरेल कसं? ठेचा कुठाय?" आत्या म्हणाली.

मी मिरचीचा ठेचा आणून ठेवला. आईनं थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा नाणी टाकली. पांढरी.

"कॉफी राहिली," आई म्हणाली. "त्याला चहा कुठं आवडायचा!"

काळी कॉफी आली, दोन चमचे साखर घालून. पांढरी.

"तीन चमचे घालायचे ते," मी म्हटलं.

"तू गप्प बस." तिसरा चमचा घालून तिनं नाणी टाकली. दोन्ही लाल. बाबा हसत होते. परत टाकली, परत पांढरी. उदबत्त्या बुडाशी आल्या, आईनं नव्या लावल्या. कोंबडीवरची चरबी थिजायला लागली.

"तो नाही जेवायचा," आत्या म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. "घरात काय चाललंय ते त्याला दिसतंय की. स्वी इम, तुझ्या पोरीला विचार, फेरीवर कोणाशेजारी बसते ती. मी दवाखान्यातून परत येत होते, मागच्याच बाकावर. तो बाप्या मँगोस्टीनची फळं सोलून देत होता आणि ही खात होती. राणीसारखी!"

मी हातातला चमचा पुसायला लागले.

"इंजिनवाला आहे, तमिळ," आत्या पुढं म्हणाली. "मी चौकशी केलीय. लग्न करायचंय म्हणे."

"खरं?" आईनं मला विचारलं.

"खरं."

"मग विचार लिओंगला!" आत्यानं बशी आईपुढं सरकवली. बशीला हात लावायची तिला मनाई नव्हती. "मोठी गोष्ट आहे, तीनदा ओळीनं होय पडलं पाहिजे. रंगाला नाही म्हणाला तो, जावयाला काय म्हणतो बघू या."

तीनदा ओळीनं! आज एकदासुद्धा होय पडत नव्हतं. आईनं नाणी उचलली. ओरडून सांगावंसं वाटलं, की ही दहा-दहा सेनची नाणी आहेत गं, यांच्यावरचा रंगसुद्धा माझ्याच बाटलीतला आहे.

आईनं नाणी खुळखुळवली नाहीत. ब्लाउजच्या खिशात टाकली.

"हे त्याला विचारायचं नाही," ती म्हणाली.

"का?"

"ताई, हे घर घेतलं तेव्हा त्याला विचारलं होतं का? मी सही करून आले आणि त्याच्या हातात किल्ली दिली. ही पोटात आडवी आली, डॉक्टर म्हणाले कापावं लागेल, तेव्हा तो बाहेर बाकावर रडत बसला होता. मीच सांगितलं, कापा. लग्नाचं तरी त्यानं कुठं विचारलं? मी दुकानात गेले की नुसता माझ्या पायात बूट चढवायचा आणि काढायचा. शेवटी मीच म्हटलं, बूट पुरे झाले, काय ते बोल."

"म्हणून आता माझ्या भावाला डावलणार?"

"डावलत नाही. मोठी गोष्ट आली की त्याला धाकधूक व्हायची. मेला म्हणून माणसाचा स्वभाव बदलतो काय?"

मला राहवलं नाही. "मग रोज उठून मासळी कशाला विचारतेस त्याला?"

आई माझ्याकडं वळली. चिडली नव्हती. "माणूस घरात आहे म्हटल्यावर त्याला काही विचारायला नको? जिवंत होता तेव्हा विचारायची, ती भांडण काढायला विचारायची. आपलं इथं काही चालतं, असं त्याला कधी वाटलंच नसेल. आता चालू दे की. पापलेटाच्या ऐवजी बांगडा खाल्ला तर माझं काय जातं? पोपडे आले म्हणून घर पडत नाही. त्याचा नकार मला जिथं परवडतो, तिथंच मी त्याला विचारते." मग आत्याकडं बघून म्हणाली, "हे विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर? एक तर पोरीचं नुकसान करायचं, नाही तर त्याचा शब्द मोडायचा. मी दोन्ही करणार नाही."

आईला मी इतकी वर्षं भोळी समजत आले होते.

"तुला हवाय का तो?" आईनं मला विचारलं.

एवढा सोपा प्रश्न, आणि मी फोटोकडं बघायला लागले. मध्ये बशी नव्हती, नाणी नव्हती, कोणावर ढकलायची सोय नव्हती. तेव्हा मला कळलं, की मी त्या कौलाला नुसती भीत नव्हते, त्याच्या आडोशाला बसले होते. आई निदान तिच्या नाण्यांचं ऐकायची. माझी बोट कितीदा तरी लागली होती आणि मी घरी येऊन भांडी घासली होती.

"हवाय," मी म्हटलं.

"मग फोन कर. बोलाव त्याला."

"रविवारी?"

"रविवारपर्यंत कोंबडी टिकणार आहे का? आत्ता."

कदिरवनची पाळी नुकतीच संपली होती. तो येईपर्यंत आम्ही तिघी भरल्या टेबलाभोवती उपाशी बसून राहिलो. "माझी साखर उतरतेय," आत्या दोनदा म्हणाली आणि मग पर्समधून बिस्कीट काढून भिंतीकडं तोंड करून खाल्लं. औषध म्हणून, असं तिनं फोटोला सांगितलं.

तो बोटीवरच्या निळ्या शर्टातच आला, कॉलरला तेलाचा डाग, हातात मँगोस्टीनची पिशवी. दारात बूट काढायला वाकला. आई बघत होती.

"एक नंबर मोठे घालतोस," ती म्हणाली.

"दिवसभर उभं राहून पाय सुजतात, काकू."

"मग रुंद पंजाचे घ्यावेत. मोठे घेऊ नयेत. लिओंग असता तर त्यानं दिले नसते." तिनं खिशातून नाणी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "विचार त्याला, जेवण झालं का."

"अगं!" आत्या ओरडली. "घरच्यांनीच टाकायची असतात ती!"

"हो ना," आई म्हणाली. "मग मी काय वेगळं करतेय?"

कदिरवननं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळं त्याला माझी काही मदत झाली नाही.

"कुठल्या भाषेत विचारू?" त्यानं हळूच विचारलं.

"बुटांच्या दुकानात होता तो. त्याला सगळ्या कळतात."

त्यानं फोटोला हात जोडले, होक्किएनमध्ये म्हणाला, "बाबा, पोटभर झालं ना?" आणि नाणी टाकली. एक बशीबाहेर उडालं, बांगड्याच्या वाडग्याला आपटून फिरत राहिलं आणि आडवं झालं.

दोन्ही लाल.

"हसतोय," आत्या म्हणाली. "पुन्हा टाकायची. नियम आहे."

आईनं खाली वाकून दोन्ही नाणी डोळ्यांजवळून बघितली. मग फोटोकडं पाहिलं. "ताई, तो जेवताना कधी हसला होता का? पोट भरल्यावरच हसायचा. सुआन, भात गरम कर. बसा सगळे."

मी पातेलं घेऊन आत गेले आणि गॅस पेटवून तिथंच उभी राहून रडले. बाहेर कोंबडी तोडल्याचा आवाज आला. आत्या म्हणाली, "तंगडी मला हं, मी उपाशी आहे." कदिरवन म्हणाला, "घ्या की, मला चालेल काहीही."

"थांबा," आई म्हणाली. "लिओंगला विचारू या." आणि नाणी खुळखुळली.