वाढत्या अंगाचा फ्रॉक

"सरळ उभी राहा, भिंतीला धरू नकोस," असे मुलीला बजावून आईने तिच्या चपला कोपऱ्यात सारल्या. दवाखान्यातला काटा थरथरला आणि स्थिरावला. डॉक्टरबाईंनी वाकून आकडा पाहिला. वजन वयाच्या मानाने अगदी योग्य होते.

आईला ते पटेना. पोर वाळत चालल्याचे ती वर्षभर उघड्या डोळ्यांनी पाहत होती. भूक तर चांगली होती. मग खाल्लेले जात होते कुठे? आतून काही पोखरत असेल तर? परवा मावशीने चारचौघांत टोमणा मारला होता, की ही पोर उभी आहे की फ्रॉक वाळत घातलाय. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता.

"काटा बिघडला नाही ना?" तिने चाचरत विचारले.

"काटा ठीक आहे." डॉक्टरबाईंनी मुलीच्या पाठीमागे फ्रॉकचे कापड मुठीत गोळा करून आवळले. "आता बघा."

त्या ढगळ कापडातून चांगली भरल्या अंगाची मुलगी बाहेर आली. खांदे, दंड, पोट, सारे जिथल्या तिथे.

"कुणी शिवला हा?"

उत्तर मुलीनेच दिले.

"आईनं. ती सगळ्या गल्लीची मापं घेते. माझंच घेत नाही."

खरेच होते ते. घरच्या पोरीला टेप कशाला लावायची, म्हणून ती अंदाजानेच बेतत असे. वाढते अंग, म्हणून दोन बोटे जास्त. फ्रॉक लोंबला की पोर रोडावलीशी वाटे, आणि ती भरेल या आशेने पुढचा फ्रॉक आणखी सैल होई.

आईला हसू फुटले. हसता हसता पदराने डोळे टिपावे लागले.

घरी येताच तिने टेप काढली. गुदगुल्या होऊन मुलगी वळवळली. टेपखाली तिचा श्वास वरखाली होत होता. आईने माप दोनदा घेतले, दुसऱ्यांदा उगाचच.

नव्या कापडावर खडूची रेघ उमटली. कात्री सवयीने दोन बोटे बाहेर सरकली, थांबली, आणि रेघेवर परत आली. खालची दुमड मात्र तिने चांगली रुंद ठेवली.

"एवढी कशाला गं?"

"उंच होशील ना," आई म्हणाली, आणि सकाळपासून झाकून ठेवलेले स्वतःचे ताट तिने पुढ्यात ओढले.